खालची कवळी, नग एक

भाषांतरकाराकडून कागद आले सकाळी साडेदहाला, आणि अकरा वाजायच्या आत घरात दोन तट पडले होते. एरवी या घरात तट पडायला टेबलावरचं मीठसुद्धा पुरे. आज तर चांगली बावीस पानं होती, प्रत्येकावर निळा गोल शिक्का, आणि प्रत्येक पानाचे पैसे भाषांतरकाराने वेगळे लावलेले.

आप्पा परदेशात हृदयाची झडप बदलून आले त्याला महिना झाला होता. तिथल्या रुग्णालयाचं बिल तिथल्या भाषेत, तिथल्या लिपीत. आकडे तेवढे कळत होते, आणि आकडे कळत होते म्हणूनच महिनाभर कुणाला नीट झोप नव्हती. आता हेच बिल शब्दांसकट समोर आलं होतं आणि दुपारी तीन वाजता निवृत्तांच्या आरोग्य निधी कचेरीचे पडताळणीवाले साहेब घरी येणार होते. त्यांनी शिक्का मारला तर सगळा खर्च परत. नाही मारला तर महिनाअखेरीला आप्पांच्या लेकीची, धाकटीची, कार्यशाळा बँकेची.

कार्यशाळा घराच्या मागच्या अंगाला होती. एकवीस वर्षं धाकटी तिथे लोकांच्या कवळ्या बनवत होती. मेण, प्लास्टर, घासायचं चाक, आणि फळीवर अर्ध्या गावाच्या हिरड्यांचे साचे. आप्पांच्या उपचारासाठी तिने तीच गहाण टाकली. दादाने जामीन म्हणून सही केली, पण "माझा या परदेशाला विरोध होता हे लिहून ठेवा" असं चारदा बजावून.

दादा वजनमापं खात्यात तपासनीस. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासल्यामुळे त्याचा आवाजही तसाच झाला होता, एक-एक वस्तू पारड्यात टाकल्यासारखा.

"औषधं, पान चार ते नऊ. बरोबर," तो वाचत होता. "कृत्रिम झडप, नग एक. बरोबर. भूल देणाऱ्याची फी. जास्त आहे, पण बरोबर. सोबतीचा पलंग, अकरा रात्री." तो थांबला. "कुणाचा पलंग?"

"सोबत आलेल्या माणसाचा," वहिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही शिकवायची. "रुग्णाजवळ रात्री जो झोपतो, त्याचा."

"पण सोबत कोण होतं?"

याचं उत्तर तिघांनाही पाठ होतं आणि म्हणूनच कुणी दिलं नाही. आप्पा एकटे गेले होते. दादाला वाटलं होतं धाकटी जाईल, धाकटीला वाटलं वहिनी जाईल, वहिनीला वाटलं मुलगा म्हणून दादाच जाईल. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा हातात बॅग घेऊन विमानात बसला तेव्हा तिघंही त्याला हात हलवून निरोप देत होते, एकमेकांकडे रागाने बघत. या घरात काम बुडायचं ते असं. कुणी नाही म्हणायचं नाही, दुसऱ्याने केलं असेल असं प्रत्येकाला मनापासून वाटायचं.

"पुढचं वाच," धाकटी म्हणाली.

दादाने पान उलटलं. त्याच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"खालची कवळी, आतून नवा थर देणे, नग एक."

आधी दोघांनी धाकटीकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून खिडकीजवळच्या आरामखुर्चीकडे पाहिलं. तिथे आप्पा उन्हात पाय सोडून बदाम खात बसले होते. कुडुम, कुडुम. त्यांच्या तोंडात स्वतःचे दात होते, सगळेच्या सगळे. मुलगी कवळ्या करते आणि बापाला एकही लागत नाही, यावर त्यांनी आजवर किमान हजार वेळा विनोद केला होता.

"दुसऱ्या कुणाचं तरी बिल आपल्यात घुसलंय," दादा म्हणाला. "सरळ आहे. साहेबांना सांगू, या दोन ओळी चुकीच्या आहेत, खोडा."

"खोडता येत नाही, अहो. नियम वाचलेत का?" वहिनीने निधीची पुस्तिका पुढे सरकवली. "एक ओळ जरी संशयाची निघाली तर सगळं बिल रुग्णालयाकडे परत. तिकडून उत्तर यायला आठ महिने. वन्संना बँकेने किती दिवस दिलेत?"

"एकोणीस," धाकटी म्हणाली.

"मग झालं तर. कवळी आप्पांची आहे असं सांगायचं. साहेब आले की आप्पांनी तोंड मिटून बसायचं."

"आप्पांनी?" दादा म्हणाला. "तोंड मिटून?"

खिडकीतून आवाज आला, कुडुम.

"मी खोटं बोलणार नाही," दादाने हात वर केले. "तीस वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही मी. आज दातांपायी करू?"

"तुमचं काय जातंय? कार्यशाळा वन्संची जातेय!"

धाकटीला वहिनीचं बोलणं गोड लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या बाजूला आली होती. पण बाजूला आलेल्या माणसाचाही हिशेब बघावा, अशी धाकटीला सवय होती. वहिनीचा भाचा कार्यशाळेत काम शिकत होता. कार्यशाळा गेली तर तो परत वहिनीच्या सोफ्यावर येऊन झोपणार होता. असो. ती उठून आप्पांपाशी गेली आणि खुर्चीच्या हातावर टेकली.

"आप्पा, तिकडे कुणाची कवळी दुरुस्त केली?"

"तुझ्या आईची," आप्पा म्हणाले. "आणखी कुणाची?"

टेबलापाशी कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"आप्पा, आईला जाऊन सहा वर्षं झाली."

"मला माहीत नाही होय? मीच तर होतो उशाशी." त्यांनी बदामाचं साल ओठावरून पुसलं. "टोचायची तिला, डाव्या बाजूला. तुला सांगून सांगून थकली बिचारी. तिकडे दातांचा दवाखाना खालच्याच मजल्यावर. म्हटलं, अकरा दिवस माझ्याजवळ नुसती बसून आहेस, तेवढं तरी करून घे. चांगली बसलीय आता."

"कवळी कुठे आहे?"

"ग्लासात. नेहमीच्या."

एवढं बोलून ते पुन्हा उन्हाकडे वळले. डोकं फिरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. तासाभराने बस येणार आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचा असतो.

आईची खोली आता आप्पा एकटेच वापरत होते. कपाटाशेजारच्या छोट्या टेबलावर काचेचा ग्लास होता, पाणी ताजं, आणि तळाशी खालची कवळी. वरची आईबरोबरच गेली होती. खालची मात्र आप्पांनी मागून घेतली होती आणि ती कोरडी पडून वाकडी होऊ नये म्हणून रोज पाणी बदलत होते. हे धाकटीला ठाऊक होतं. आठवण जपण्याची माणसांची आपली तऱ्हा असते. कवळी बॅगेतून परदेशात गेली, हे मात्र ठाऊक नव्हतं.

तिने कवळी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि कार्यशाळेत जाऊन दिव्याखाली धरली.

काम उत्तम होतं. तिच्यापेक्षा चांगलं, हे कबूल करायला तिला एक क्षण लागला. आतून गुलाबी नवा थर, कडेला सांधा दिसत नव्हता. डाव्या बाजूची जी धार टोचायची, ती घासून गोल केली होती. आई चार वर्षं म्हणत होती, अगं, तेवढं बघ ना. आणि धाकटी म्हणायची, पुढच्या आठवड्यात. गिऱ्हाइकाचं काम असतं तर दुसऱ्या दिवशी केलं असतं. आई काय, घरातलीच.

दाढांच्या खाचांत निळे ठिपके होते. तिने भिंग घेतलं. निळा कागद चावायला दिला की उठतात तसे. चावायला.

तिने भिंग खाली ठेवलं.

आतून थर द्यायचा तर कवळीत मऊ लगदा भरून ती माणसाच्या तोंडात बसवावी लागते. हिरडीचा ठसा त्यात उमटतो, तोच पुढे कडक होतो. ग्लासातल्या कवळीला थर देता येत नाही. त्याला तोंड लागतं.

फळीवर मागच्या रांगेत आईचा साचा होता, ती गेली त्याच वर्षी दुरुस्तीसाठी म्हणून घेतलेला. तिने धूळ फुंकली आणि कवळी साच्यावर ठेवली. डाव्या बाजूला हाडाचा बारीक उंचवटा होता, आईचाच, दुसऱ्या कुणाच्या तोंडात धाकटीने तो पाहिला नव्हता. नव्या थरात त्या उंचवट्याला बरोबर खळगा होता. पण कवळी साच्यावर बसेना. डुलत होती. थर जाड होता, साचा आणि कवळी यांच्यात फट राहत होती. धाकटीने पट्टीने फट मोजली. सवयीने मनात हिशेबही केला, कारण कवळी वापरणाऱ्याचं खालचं हाड दरवर्षी किती झिजतं हे तिच्या धंद्यातल्या कुणालाही सांगता येतं.

सहा वर्षांची झीज होती. ना कमी, ना जास्त.

जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईचं हाड सहा वर्षांनी म्हातारं झालं होतं.

"वन्सं," मागून वहिनी म्हणाली. ती दारातच उभी होती, आत येत नव्हती. "एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा."

"आवाज ऐकलात का हो तुम्ही, एवढ्यात?"

कुठला आवाज, हे धाकटीने विचारलं नाही. आई जिभेने कवळी उचलायची आणि सोडायची. टक. भाजी चिरताना टक, बिलं मोजताना टक, कुणी उलट बोललं तर दोनदा. आणि ती गेल्यावरही स्वयंपाकघरात अधूनमधून टक व्हायचं. दादा म्हणायचा फ्रिज. नवा फ्रिज आणला. मग दादा म्हणायचा नळ.

"आप्पा आल्यापासून एकदाही नाही," वहिनी म्हणाली. "महिना झाला. रात्री काय, दिवसा काय. मला वाटलं, गेल्या असतील बाई एकदाच्या. पण काल भात करपला ना, तर मी यायच्या आधी कुणीतरी गॅस बंद केलेला होता." तिने साच्यावर डुलणाऱ्या कवळीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "गेल्या नाहीत त्या. टोचायचं थांबलंय."

कवळी पुन्हा रुमालात गुंडाळून दोघी बाहेर आल्या तेव्हा तट बदलले होते. दादा कर्जाचे कागद काढून बसला होता आणि जामीनदाराच्या जबाबदाऱ्या, पान तीन, त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "कवळी आप्पांची आहे असंच सांगू. वहिनी म्हणते ते बरोबर आहे." बायकोला वहिनी म्हणाला, इतका तो गडबडला होता.

"मी काही म्हणत नाही," वहिनी म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. त्या ऐकतायत."

"कोण ऐकतंय?"

"तुमचा फ्रिज."

तीन वाजता बेल वाजली.

पडताळणीवाले साहेब बारीक, राखाडी, दोन पेनवाले. चहाला नको म्हणाले, बिस्किटाला नको म्हणाले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि एका पेनाने वाचत, दुसऱ्याने खुणा करत गेले. आप्पांना समोर बसवलं होतं. दादाने त्यांना कानात काहीतरी बजावलं होतं आणि आप्पा ओठ घट्ट मिटून बसले होते, शाळेतल्या फोटोसारखे.

"झडप कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"झकास!" आप्पा म्हणाले, आणि मनापासून हसले. सगळेच्या सगळे दात दुपारच्या उजेडात चमकले. दादाने डोळे मिटले.

साहेबांनी दातांकडे पाहिलं. मग कागदाकडे. "कवळी?"

"माझी नाही. हिच्या आईची."

धाकटीने ठरवलं, आता सांगून टाकायचं. कार्यशाळा गेली तर गेली. तिने तोंड उघडलं, "साहेब, एक सांगायचंय, माझी आई..."

"थांबा." साहेबांनी बॅगेतून जाड नोंदवही काढली. बोट खाली घसरत आलं. "निधीच्या नोंदीत पत्नी आहेत. दोघांची वर्गणी तुमच्या निवृत्तिवेतनातून कापली जाते. शेवटची गेल्याच महिन्यात. एकदाही खंड नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अशी नियमित कुटुंबं फार थोडी."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने धाकटीकडे. आई गेल्याचं निधीला कळवायचं काम तिघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावावर टाकलं होतं. सहा वर्षं तिची वर्गणी भरली जात होती, आणि हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर या घरात सगळ्यात चोख सभासद तीच होती.

"सोबतीला पत्नी असेल तर तिचा पलंग आणि तिथे घेतलेला किरकोळ उपचार, दोन्ही मंजूर," साहेब म्हणाले. "रुग्णालयाने सोबतीची हजेरी पाठवलीय. अकरा दिवस, अकरा सह्या. इथे एक सही हवी त्यांची. घरात आहेत ना?"

"पण त्या तिकडे गेल्या कशा, तिकीट..." दादाच्या तोंडून निघून गेलं. तपासनीस तो तपासनीसच.

"प्रवासखर्च निधी देत नाही," साहेब म्हणाले. "तो रकाना माझ्याकडे नाही."

"आत आहे," आप्पा म्हणाले. "जा गं, घेऊन ये सही. तिला बाहेरच्या माणसांसमोर यायला आवडत नाही."

धाकटीने कागद घेतला, पेन घेतलं आणि आईच्या खोलीत जाऊन दार लोटलं. रुमालातली कवळी ग्लासात परत टाकली आणि ती टेबलाशी बसली.

आईची सही तिला येत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा केली होती. नाव, खाली आडवी रेघ, रेघेच्या शेवटी टिंब. ते टिंब आई इतकं दाबून द्यायची की मागच्या पानावर फोड यायचा. नक्कल करणं हाच तर धाकटीचा धंदा, देवाने दिलेल्या वस्तूची. तिने पेन टेकवलं आणि उचललं. आईच्या तोंडात एकदा खोटं बसवलं होतं, ते चार वर्षं टोचलं. आता तिच्या नावाखाली दुसरं खोटं बसवायचं तिच्याने होईना.

"नाही जमत गं," ती हळूच म्हणाली. कागद कोराच टेबलावर ठेवला, आणि तेव्हा तिचं लक्ष ग्लासाकडे गेलं.

ग्लासात नुसतं पाणी होतं.

धाकटी ओरडली नाही. लहानपणापासूनची शिस्त तिच्या मानेत होती. आई कवळी घालायची, काढायची, तेव्हा समोरच्याने भिंतीकडे तोंड करायचं, आप्पांनीसुद्धा. दात नसलेला आईचा चेहरा या घरात कुणी कधी पाहिला नव्हता. धाकटी उठली आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिली, हात मागे बांधून.

"आई," ती कपाटाला म्हणाली, "चुकलं माझं. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत राहिले."

मागे खुर्ची किंचित करकरली. कागद सरकला. टक काही झालं नाही. कपाटाच्या रंगाचा एक पापुद्रा निघाला होता, त्याकडे बघत ती उभी राहिली. बऱ्याच वेळाने पाण्यात काहीतरी अलगद सोडल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. कवळी तळाशी होती आणि पाणी अजून हलत होतं.

बाहेर येताना तिने कागदावर नजर टाकली नाही. फक्त मागच्या बाजूने बोट फिरवलं, आणि एका जागी ते अडलं.

साहेबांनी कागद नोंदवहीतल्या जुन्या सहीशेजारी धरला. एका पेनाने रेघ मोजली, दुसऱ्याने टिंब. "जुळते," ते म्हणाले आणि शिक्का मारला. पूर्ण रक्कम. दादाने सही पाहिली, मग धाकटीचे दोन्ही हात पाहिले.

"पंधरवड्याच्या आत पैसे निघतील," साहेब दारात बूट चढवत म्हणाले. "फक्त एक. रक्कम पतिपत्नी दोघांच्या नावे निघते. खिडकीवर दोघांनी समक्ष यायचं. पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता. उशीर करू नका, रांग असते."

दार लागलं. एकोणीस दिवस, धाकटीने मनात म्हटलं, आणि मंगळवार आठव्या दिवशी.

"मंगळवारी?" आप्पांनी बदामाची वाटी पुन्हा मांडीवर घेतली. "येईल की. सहा वर्षं घराबाहेर पाऊल नव्हतं तिचं. तिकडे जाऊन आल्यापासून तिला बाहेर पडायची गोडी लागलीय."

यावर दादा काहीतरी बोलेल, असं धाकटीला वाटलं. फ्रिज, नळ, काहीतरी. दादा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आत पाहिलं, बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग परत येऊन त्याने टेलिफोन उचलला आणि टॅक्सीवाल्याचा नंबर फिरवला.

"हो, मंगळवारी. सव्वादहाला दारात हवी. निधी कचेरी." तो थांबला, बोटांवर मोजलं. आप्पा, आपण, बायको, धाकटी. "चार माणसं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने खिडकीकडे पाहिलं, मग लोटलेल्या दाराकडे, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मापं दुरुस्त करणाऱ्याच्या आवाजात स्वतःचं माप दुरुस्त केलं.

"नाही, चुकलं. पाच. मोठी गाडी पाठवा."